शेरा तुमचा, खेटे मात्र त्याने घालायचे!

अमेरिकेत फौज सोडताना डीडी २१४ नावाचा कागद हातात पडतो. त्यातला २४ नंबरचा रकाना बघा, सेवेचं स्वरूप. तिथे ‘सन्माननीय’ऐवजी भलतंच काही टाइप झालं की बोंबललं! नोकरी देणारा तोंड वाकडं करतो, जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने मिळणारे शिक्षणाचे पैसे अडकतात.

बदलून घ्यायचंय? भरा डीडी २९३ हा अर्ज. काय म्हणता, १५ वर्षं उलटली? मग तो नाही चालत, डीडी १४९ आणा. तो तपासणारं मंडळही वेगळं!

व्हिएतनामहून परतलेल्या पोराला रात्र रात्र झोप नाही, दारू लागली, ड्युटी बुडाली, दिला हाकलून. पीटीएसडी, म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवाने मनाला जडणारा आजार, हे निदान मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलंच मुळी १९८० साली. अशा अर्जांकडे जरा उदारपणे बघा, हा संरक्षणमंत्री हेगेल यांचा आदेश निघाला २०१४ मध्ये. तोवर पोराची साठी उलटली (जगला असेल तर). आणि आता त्यालाच विचारायचं, तेव्हाचा डॉक्टरचा कागद आहे का? अरे, आजाराला नावच नव्हतं, तर कागद कुठल्या झाडाला लागणार होता? बरं, नोंदी कुणाच्या कपाटात? सरकारच्याच ना? मग उघडा की कपाट!