गळती

माझे नाव वामन आहे. परंतु जन्मनोंदीच्या वहीत लिहिणाऱ्याच्या हातून एक काना गळाल्यामुळे गेली साठ वर्षे मी सरकारदरबारी 'वमन' म्हणून नांदतो आहे, हे मला निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जुळवताना कळले. दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी ज्या कार्यालयात गेलो, त्याचे छतही गळत होते, आणि आपले दुखणे एका जातीचे आहे या विचाराने मला उगाचच बरे वाटले.

दारावर दोन फलक होते. 'इमारत धोकादायक आहे, आत प्रवेश करू नये,' असे पहिल्यावर लिहिले होते आणि त्याच्या खालच्या फलकावर 'अर्ज आत, खिडकी क्रमांक ४ वर स्वीकारले जातील,' असे होते. माझ्यापुढच्या सहा जणांनी दुसऱ्या फलकावर विश्वास ठेवलेला दिसत होता. मीही ठेवला आणि रांगेत उभा राहून शेजारच्या खांबाला टेकलो.

"काका, जरा बाजूला होता का? याच खांबाची तपासणी करायची आहे," असे म्हणत एक तरुण अभियंता पुढे आला. शहरातल्या जुन्या सार्वजनिक इमारती पाडून नव्या बांधण्याची योजना मंजूर झाली होती आणि कोणती पाडायची, कोणती सावरायची हे ठरवण्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट चालू होते. त्याच्या हातातल्या नळीसारख्या उपकरणाला रिबाउंड हॅमर म्हणतात. ते काँक्रीटवर दाबले की आतले वजन स्प्रिंगच्या जोराने आपटून उलट उसळते, आणि पृष्ठभाग जितका टणक तितकी उसळी मोठी. आमच्या खांबावरची उसळी पाहून त्याचा चेहरा पडला. मग त्याने थोडे काँक्रीट फोडून ताज्या खाचेवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते, म्हणून ते या द्रावाने गुलाबी होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरला असेल, तर मात्र रंग चढत नाही. आमच्या खांबाला सळईपर्यंत कुठेही गुलाबी छटा आली नाही.

"म्हणजे हो काय?" मी विचारले.

"म्हणजे सळईचे संरक्षण गेले, काका. आता ओल लागली की ती गंजणार. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रेटा देऊन वरचे काँक्रीट फोडतो. बाहेरून गिलावा करून रंग दिला की छान दिसते, पण आतून पोट फुगतच असते."

मी नकळत पोट आत घेतले. वय विचारले तेव्हा तो म्हणाला, "साठ तरी असेल. अशा इमारती साधारण पन्नास वर्षांच्या हिशेबाने बांधतात," आणि हे सांगताना तो खांबाकडे पाहत नव्हता, अशी माझी खात्री आहे.

लोखंड घातलेल्या काँक्रीटचे एक सुरुवातीचे पेटंट १८६७ साली मोनिए नावाच्या एका फ्रेंच माळ्याने झाडांच्या कुंड्यांसाठी घेतले होते. आमच्या कार्यालयाच्या खिडकीवरच्या भेगेतून हातभर उंचीचे एक झाड उगवलेले होते. तेव्हा इमारत म्हातारपणी आपल्या मूळ व्यवसायाकडे परतली होती, असे फार तर म्हणता येईल.

खिडकी क्रमांक ४ जेवणासाठी बंद झाल्यामुळे भिंतीवर लावलेली योजना मला सावकाश वाचता आली, आणि ती चांगली होती हे मान्य केले पाहिजे. अग्निशमन केंद्राला तिच्यात पहिला क्रमांक होता. भूकंपात इतर इमारतींना तडे गेले तरी ज्या इमारतीतून बंब बाहेर पडायचे, ती उभी राहिलीच पाहिजे, म्हणून अशा इमारतींना नेहमीपेक्षा जास्त बळ द्यावे असे बांधकामाचे नियमच सांगतात. शिवाय बंब आकाराने वाढत गेले आणि दारे होती तेवढीच राहिली. वाचनालय पाडायचे नव्हते, त्याच्या खांबांना नव्या सळया आणि काँक्रीटचे जॅकेट चढवायचे होते, आणि हेही मला पटले. कारण जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटच्या उत्पादनाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, त्यामुळे जे सावरता येते ते पाडून पुन्हा ओतण्यात शहाणपण नाही. पायऱ्यांजवळ उतरते रॅम्प, सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची साठवण, सगळ्याचा विचार केलेला होता. मधल्या काळात रांगेतल्या माणसांनी कुठे जायचे, याबद्दल मात्र शेवटच्या पानावर 'तात्पुरते स्थलांतर' एवढे दोनच शब्द होते.

त्या दोन शब्दांत काय मावते, ते मला पुढच्या महिन्यात समजले. नोंदवह्या एका गोदामात गेल्या, साहेब दुसऱ्या इमारतीत बसू लागले आणि शिक्का तिसरीकडे राहिला. साहेबांनी वही पाहिल्याशिवाय सही करायची नव्हती, सहीशिवाय शिक्का उमटायचा नव्हता, आणि गोदामाच्या दाराशी बसलेला माणूस शिक्का मारलेले पत्र दाखवल्याखेरीज वही काढायला तयार नव्हता. या त्रिकोणात मी नऊ फेऱ्या घातल्या. सहाव्या फेरीत तो अभियंता पुन्हा भेटला, त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि काहीच न बोलता निघून गेला.

अखेर दाखला हातात पडला. मी चष्मा पुसून तो वाचला. गळालेला काना खरोखरच परत आलेला होता, फक्त तो एक अक्षर पुढे सरकून बसला होता, आणि माझे नाव आता 'वमान' झाले होते.

खिडकीपलीकडच्या बाईंनी दाखला उजेडात धरून नीट पाहिला. "काना तर आहे की, काका," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "सध्या सगळ्यांचेच तात्पुरते स्थलांतर झाले आहे."