‘नाव कळत नाही, नुसता ठिपका कळतो’ हे आपल्या वाडीत खरं नाही

गणपतीच्या तोंडावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नकाशावरच्या गेमला लोकेशन द्यावंच लागतं, कंपनीला नाव कळत नाही, नुसता ठिपका कळतो, गेम बंद केला की माग बंद, आणि आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

पहिलं म्हणणं खरं आहे. पोकेमॉन गोसारखा गेम जागा कळल्याशिवाय चालणारच नाही. पण गेम उघडा असेपर्यंत लोकेशन देणं वेगळं आणि ‘नेहमी’ देणं वेगळं. शिवाय मागितलेली प्रत्येक परवानगी गेमला लागतेच असं नाही. २०१६ मध्ये हाच गेम आला तेव्हा आयफोनवर गूगलने लॉगिन करणाऱ्यांच्या अख्ख्या गूगल खात्याची परवानगी घेत होता. बोभाटा झाल्यावर कंपनीने चूक मान्य करून ती कमी केली. गेम चालूच राहिला.

खरा घोळ ठिपक्याचा आहे. युरोपातल्या एका देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवरचं संशोधन २०१३ मध्ये छापून आलं. जागा आणि वेळ यांच्या फक्त ४ नोंदींवरून ९५ टक्के माणसं वेगळी काढता येतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे चारही लागायच्या नाहीत. दादरच्या चाळीत रात्रीचा ठिपका कितीतरी खोल्यांपैकी कुणाचाही असेल. गुहागरकडच्या एखाद्या वाडीत सुपारीच्या बागेत एकच घर, घरात आजी-आजोबा आणि नातू. रात्रभर तिथे थांबून सकाळी शाळेत जाणारा ठिपका कुणाचा, हे वेगळं सांगायला हवं का? धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने २०१७ मध्ये व्यायाम करणाऱ्यांचा असाच बिननावाचा नकाशा काढला होता. पुढच्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं, की सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाड भागातले लष्करी तळ त्यावर लख्ख दिसतायत. वस्ती जितकी विरळ, तितका माणूस उघडा.

गेम बंद केला की माग बंद? ‘नेहमी’ दिलं असेल तर नाही. ॲप फोनमधून काढलं तरी कंपनीकडची जुनी नोंद आपोआप जात नाही, खातं वेगळं डिलीट करायला सांगावं लागतं.

आणि लपवण्यासारखं काय? चाकरमानी सण आटोपून मुंबईला परतले की घराला महिनोन्‌महिने कुलूप असतं. ते कधी रिकामं असतं, हे अनोळखी माणसाला का कळावं? लोकेशन एका कंपनीपाशी थांबेलच याची खात्री नसते. एक टॉर्चचं ॲप लोकेशन परस्पर जाहिरातवाल्यांना पुरवत होतं म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये त्याच्यावर कारवाई केली. टॉर्चला लोकेशन कशाला लागतं?

मुलांची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्याला मनाई आहे. पण खातं उघडताना पोराने बापाचं जन्मसाल टाकलं की कंपनीच्या लेखी तो मोठा माणूस. सुट्टीला आलेल्या नातवाला, भाच्याला जवळ बसवून त्याने कुठलं साल टाकलंय ते आधी विचारा, मग सेटिंगमधलं ‘नेहमी’ काढा.