ग्रेगरीवर चोरीचा आळ कशाला?

नमस्कार. प्रतिक्रिया मनापासून आणि सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं असं: आर्कटॅन्जंटची (टॅन्जंटच्या किमतीवरून कोन काढण्याची) अनंत श्रेणी, म्हणजे न संपणारी बेरीज, केरळचा गणिती माधव याने स्कॉटिश गणितज्ञ जेम्स ग्रेगरीच्या अडीचशे वर्षं आधी शोधली, जेझुइट पाद्र्यांनी ती युरोपात नेली, ग्रेगरी १६६४ ते १६६८ या काळात इटलीत पाडुआला होता आणि तिथेच ती त्याच्या हाती लागली. मग या स्कॉटिश माणसाचं एवढं कौतुक कशाला?

श्रेणी आधी माधवाची, यात वादच नाही. केरळचाच गणिती ज्येष्ठदेव याच्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात तिची उपपत्ती मल्याळममध्ये पायरी-पायरीने मांडली आहे. आणि खरं कर्तृत्व तर त्याच्याही पुढे आहे. आर्कटॅन्जंटच्या श्रेणीत १ ही किंमत घातली की १ − १/३ + १/५ − … अशी पायच्या चौथ्या हिश्श्याची श्रेणी मिळते, पण ती फार संथ चालते. हजार पदं घेऊनही पायची तिसरी दशांश जागा चुकते. केरळच्या गणितींनी शेवटी जोडायचं एक शोधन-पद (उरलेली चूक भरून काढणारं पद) दिलं आणि ती अडचण दूर केली. माधवाच्या नावावर असलेल्या पायच्या किमतीत पहिली दहा दशांश स्थळं बिनचूक आहेत. ग्रेगरीच्या पत्रात तर पायची श्रेणी नाहीच. तिथे माधवाला तोड नाही.

पण चोरीचा आरोप मला मान्य नाही, कारण इथे ग्रेगरीचं कच्चं काम उपलब्ध आहे.

फेब्रुवारी १६७१ मध्ये सेंट अँड्र्यूजहून ग्रेगरीने लंडनच्या जॉन कॉलिन्सला पत्र लिहिलं. त्यात आर्कटॅन्जंटबरोबर टॅन्जंट, सेकंट अशा आणखीही श्रेणी आहेत, पण त्या कशा काढल्या याबद्दल अक्षर नाही. १९३० च्या दशकात टर्नबुल या गणितज्ञाने ग्रेगरीचे कागद तपासले, तेव्हा एडिंबरोच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून जानेवारी १६७१ मध्ये त्याला आलेल्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सापडली. ग्रेगरी एकामागून एक डेरिव्हेटिव्ह (बदलाचे दर) काढत गेला आहे. डेरिव्हेटिव्हवरून श्रेणी काढण्याच्या ज्या रीतीला आज आपण टेलर श्रेणी म्हणतो तीच ही, इंग्रज गणितज्ञ टेलरच्या १७१५ च्या पुस्तकाआधी ४४ वर्षं! टॅन्जंटच्या श्रेणीत नवव्या घाताचा सहगुणक ६२/२८३५, म्हणजे ३९६८/१८१४४०, यायला हवा. कॉलिन्सच्या पत्रात ३२३३/१८१४४० आहे. ही चूक त्या टिपणातल्या आकडेमोडीतूनच पत्रात उतरली आहे. उसनी आणलेली श्रेणी अशी मधेच चुकत नाही. स्वतः हिशेब करणाराच असा घसरतो. शिवाय ‘युक्तिभाषे’ची वाट वेगळी: तिथे स्पर्शरेषेचे बारीक तुकडे करून घातांच्या बेरजा घेतल्या आहेत.

हे सगळं त्याने छापलं का नाही? न्यूटनची रीत आधीची आहे आणि ती लवकरच प्रसिद्ध होईल, अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने न्यूटनला वाट दिली. ग्रेगरी ऑक्टोबर १६७५ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याआधी काही दिवस तो विद्यार्थ्यांना दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवत होता आणि तेवढ्यात त्याची दृष्टी गेली. ज्याने स्वतःचं श्रेयसुद्धा मागितलं नाही, त्याला आपण चोर ठरवावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

राहिला पाडुआचा मुद्दा. जेझुइट कोचीत होते हे खरं, पण केरळचं हे गणित त्यांनी युरोपात पोचवल्याचा एकही कागद आजवर पुढे आलेला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर ग्रंथ आणि पान इथे नक्की लिहा. मी वाचून त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.