अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

दादाने परवा गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस फोटो काढून पाठवली. फळ्यावर टाचणीने लावलेली, भाषा पन्नास वर्षांपूर्वीचीच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रकांस मंजुरी देणे, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आणि तळाला आपलं पाठ झालेलं वाक्य: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही.' फोटोखाली दादाने लिहिलं होतं, 'सहा वर्षांनी सभा लागली. नऊजण होतो. जुनीच कमिटी परत.'

आता धर्मादाय आयुक्तांकडे जायचं की नाही, यावर घरच्या ग्रुपवर आठवडाभर जुंपली आहे. आत्याचं म्हणणं, घरचं भांडण चावडीवर नेऊ नये. दादा म्हणतो, चावडीवर नेलं तरी निकाल लागेपर्यंत पुस्तकांना वाळवी लागेल. दोघांचंही मला पटतं, कारण इथे कॅलिफोर्नियात आमच्या मराठी मंडळात दोन वर्षांपूर्वी हेच झालं.

कोविडात सभा झाली नाही, ते समजण्यासारखं होतं. मग कोविड संपला, गणपती पुन्हा हॉलमध्ये बसायला लागले, उकडीच्या मोदकांची ऑर्डर शेकड्याने जायला लागली, निवडणूक मात्र 'लवकरच' राहिली. आमच्यातले एक निवृत्त इंजिनीअर काका कायदा वाचत बसले आणि एक दिवस पार्किंगमध्ये मला म्हणाले, 'सह्यांची मोहीम कशाला? एकटा सभासद पुरतो.'

काकांचं बरोबर होतं. सभासद असलेल्या सार्वजनिक हिताच्या ना-नफा संस्थेने संचालक निवडायच्या वर्षी सभासदांची नियमित सभा घेतलीच पाहिजे, असं इथला कॉर्पोरेशन्स कोड सांगतो. ठरलेल्या तारखेनंतर 60 दिवस उलटले, किंवा तारीखच ठरलेली नसेल तर मागच्या सभेला 15 महिने झाले, की कोणीही एक सभासद किंवा राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल काउंटीच्या सुपीरियर कोर्टात अर्ज करू शकतो. संस्थेला बाजू मांडायची संधी मिळते आणि लांबलचक खटला न चालवता कोर्ट 'सभा घ्या' असा हुकूम देऊ शकतं. माझं लक्ष अडकलं ते पुढच्या पोटकलमात. अशा सभेला जेवढी मतं हजर असतील तेवढा कोरम, म्हणजे आपली गणसंख्या, संस्थेच्या नियमांत काहीही लिहिलेलं असो.

म्हणजे तेच आपलं अर्ध्या तासाचं वाक्य! फक्त त्याचं तोंड उलट्या दिशेला. इथे कोरमची सूट मिळते ती सभा न घेणाऱ्या कमिटीवर अंकुश म्हणून, 'लोकच येत नाहीत हो' ही सबब तिच्या हातून काढून घ्यायला. आपल्याकडे ती सूट कमिटीच्या सोयीची असते. नऊजण, चहा, बिस्किटं, सूचक-अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्यात 'ऐनवेळचे विषय' आले की काहीही पास होतं. इथे एखाद्या संस्थेने आपला कोरम एक तृतीयांशाहून खाली ठेवला असेल आणि सभेलाही एक तृतीयांश सभासद नसतील, तर नोटिशीत ज्याचा उल्लेख आहे त्यावरच मतदान घेता येतं. ऐनवेळचं दार बंद.

भारतात ही सोय अजिबात नाही असं नाही. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 97 खाली एका सदस्याच्या अर्जावरही न्यायाधिकरण वार्षिक सभा बोलावू शकतं आणि एकटा सदस्य हजर असला तरी ती सभा मानली जाईल असं ठरवू शकतं. पण आपली वाचनालयं, शिक्षणसंस्था, व्यायामशाळा काही कंपन्या नव्हेत. त्या 1860च्या सोसायटी नोंदणी कायद्यात आणि 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात बसतात. 1860चा कायदा सभेनंतर कार्यकारिणीची यादी मागतो. सभाच झाली नाही तर सभासदाच्या अर्जावर ती भरवण्याची तरतूद त्यात नाही. धर्मादाय आयुक्त 1950च्या कायद्याच्या कलम 41अ खाली विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात, पण वाद बहुतेक वेळा चेंज रिपोर्टवर, म्हणजे कमिटी बदलल्याची नोंद करायच्या अर्जावर, येऊन रुततो. खरी कमिटी कोणती, जुनी की नवी? तोवर कपाटाची किल्ली जुन्यांकडेच.

आणि वरचं कोर्ट मध्ये पडलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो 'प्रशासक'. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ हीसुद्धा नोंदणीकृत सोसायटीच. प्रफुल्ल पटेल यांच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात पडून होता म्हणून निवडणूक राहिली. मे 2022 मध्ये न्यायालयाने तिघांची प्रशासक समिती नेमली, ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केलं, भुवनेश्वर, नवी मुंबई आणि गोव्यात व्हायचा मुलींचा 17 वर्षांखालील विश्वचषक टांगणीला लागला. समिती बरखास्त झाली तेव्हा निलंबन उठलं आणि 2 सप्टेंबरला निवडणूक झाली. मतदानाला एक सकाळ लागली. मधले साडेतीन महिने कारभार कुणी बघायचा यावरच गेले. माझी तक्रार एवढीच आहे, की सभा हवी असताना आपण पालक मागतो.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं दादाला मी सांगणार नाही. वकिलाची फी काकांनी पदरची भरली. हुकूम झाला, शाळेच्या कॅफेटेरियात सभा भरली, 412 सभासदांपैकी आले 57. एरवी 138 लागले असते. कमिटी बदलली. माजी अध्यक्षांच्या घरचे त्या वर्षी गणपतीला आले नाहीत, आणि त्या घरातली बाई दरवर्षी अथर्वशीर्ष सांगायची. आत्या म्हणते ती चावडी हीच.

वर नव्या कमिटीला वकिलाने सल्ला दिला, सभासदच काढून टाका! कॅलिफोर्नियात ना-नफा संस्थेला सभासद असलेच पाहिजेत असं नाही; संचालकच पुढचे संचालक निवडू शकतात. मग सभा नाही, की कोर्ट नाही. आपण सगळे वर्गणीदार: सवलतीत तिकीट, मत नाही. काकांनी ज्यांना निवडून आणलं त्यांनीच हा ठराव आणलाय. सुदैवाने त्यालाही सभासदांची संमती लागते.

त्या सभेची नोटीस काल ईमेलने आली. शेवटच्या ओळीत कुणीतरी सवयीने लिहिलंय, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी. इथल्या कायद्यात कोरम नसलेल्या सभेला एकच गोष्ट करता येते, सभा पुढे ढकलणे. मी सेक्रेटरीला फोन करून तसं सांगितलं.

'अगं, ते राहू दे,' तो म्हणाला, 'नोटिशीत ते असतंच.'