गायक उशिरा आला

कॅसेट परवा परत आली. मित्राने दारातच हातात ठेवली आणि म्हणाला, "छान आहे रे. काम करताना मागे लावून ठेवायला बरी."

मागे! ज्याला मी डोक्यावर घेऊन नाचतो, त्याला हा मागे लावून ठेवतो.

त्याच्याकडे माळ्यावर जुना टू-इन-वन सापडला आणि चक्क चालूही झाला, तेव्हा मला वाटलं, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टशी त्याची गाठ घालून द्यायची ती हीच वेळ. लिंक पाठवली की लोक अंगठा दाखवतात, दोन्ही अर्थांनी. कॅसेट मात्र भरावी लागते आणि ९० मिनिटांची भरायला ९० मिनिटंच लागतात. जँगोच्या जमान्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. म्हणजे कॅसेटच्या एका बाजूच्या ४५ मिनिटांत चौदा-पंधरा रचना. मी कागदावर मिनिटा-सेकंदांची बेरीज मांडली, हातचे घेतले, तरी पहिल्या बाजूची शेवटची रचना ऐन समेच्या तोंडावर कापली गेली. शिवाय सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर आवाज उमटत नाही हे विसरलो, त्यामुळे पहिल्या रचनेचं तोंडच गेलं. तीन रात्री गेल्या. वर आतल्या कागदावर मुंगीच्या अक्षरात नावं आणि सालं. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तोच तर राग आहे.

कॅसेट घेऊन गेलो तर पहिली रचना सुरू होते न होते तोच मित्राला फोन आला आणि तो आत गेला तो गेलाच. समोर उरले त्याचे सासरे, अप्पा. मांडीवर उशी, चेहरा परीक्षकाचा.

"गायक आला नाही का त्या दिवशी?"

"गायक नाहीच यात, अप्पा. नुसतं वादन आहे."

"असं कसं? एवढी तयारी केलीय त्यांनी." थोडं ऐकून म्हणाले, "ड्रमवालाही नाही."

मी खुललो. सांगितलं की १९३४ साली पॅरिसमध्ये जमलेल्या या पाच जणांत तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बास, एवढंच. ड्रम नाहीच. दोन गिटारवालेच छकछक करून ठेका धरतात, त्यावर जँगो आणि व्हायोलिनवाला स्तेफान ग्रापेली उड्या मारतात.

"म्हणजे माणसं कमी पडली."

मग मी हुकमाचा एक्का काढला. हा माणूस अठरा वर्षांचा असताना, १९२८ साली, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली. आत्ता तुम्ही ऐकताय त्या वेगवान ताना उरलेल्या दोन बोटांनी घेतोय तो! हे सांगताना माझा आवाज दर वेळी किंचित कापतो. तेव्हाही कापला.

अप्पा पुढे झुकले. "दोन बोटांनी?"

"दोन!"

"मग एवढी घाई कशाला करतो? बेतानं वाजवायचं."

"अहो, तेच तर कौतुक आहे!"

"कौतुक कसलं? अशानं दुखणं वाढतं. आता कसा आहे?"

"१९५३ साली गेला. ४३ वर्षांचा होता."

अप्पांनी उशी थोपटली. "बघा. मी काय सांगत होतो?"

यावर काय बोलणार! एवढ्यात 'मायनर स्विंग' लागलं, १९३७चं ध्वनिमुद्रण. मला वाटलं, आता तरी म्हातारा पाघळेल. अप्पा डोळे मिटून बसले, पायाचा अंगठाही हलायला लागला. मीही डोळे मिटले. आणि ज्यांनी ते ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, अगदी शेवटी, सगळं संपत आलेलं असताना, वादकांपैकी कोणीतरी खुशीत ओरडतो, "ओऽ येऽ!"

अप्पांनी डोळे उघडले. "आला!"

"कोण?"

"गायक. संपल्यावर आला. पैसे मात्र पूर्ण घेतले असतील."

मित्र तोवर फोन संपवून बाहेर आला होता. तो इतका हसला, इतका हसला की पुढच्या दोन रचना त्या हसण्यातच गेल्या. सासऱ्यांचा विनोद तो आता सगळ्यांना सांगतो. जँगोचं नाव मात्र त्याला आठवत नाही, 'तो बोटंवाला' म्हणतो. अप्पांनी निदान शेवटपर्यंत ऐकलं तरी. याने तीन आठवडे कॅसेट ठेवली आणि मला शंका आहे, दुसरी बाजू उलटूनही पाहिली नाही.

पण कोणीतरी उलटली होती. घरी येऊन लावली. तिथे सुरुवातीला मी १९४०चं 'न्यूआज' ठेवलं होतं. न्यूआज म्हणजे ढग, आणि ते वाजतंही तसंच, सावकाश, आकार बदलत. कॅसेटच्या मागचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत असायचं. मी मोडायला विसरलो होतो.

खरखर. खाकरणं. मग एक ओळखीचा आवाज, माइकच्या फार जवळून: "लाल बटण दाबलंय. हं, वाजव रे." मग एक लांबलचक "आऽऽऽ". मग थांबणं. पुन्हा "आऽऽ", जरा वरच्या पट्टीत. पुन्हा शांतता.

आणि मग, खऱ्या काळजीने: "अहो जावईबापू, इकडे या जरा. मी गायला लागलो की हा गिटारवाला गप्पच बसतो."