'तेत्सुओ'च्या शूटिंगमध्ये कुणी मेलेलं नाही

परवा रात्री ताईचा फॉरवर्ड आला: 'तेत्सुओ' या जपानी चित्रपटाच्या शूटिंगमध्ये नायक खरोखर मेला, भुताला भिऊन माणसं पळाली, चित्रपट 'अकिरा'वरून चोरलाय आणि दिग्दर्शक विकृत माणूस आहे. खाली तिने लिहिलं होतं, "हेच का रे दाखवणार होता तो?" भाचा कॉलेजच्या फिल्म क्लबात दिग्दर्शक शिन्या त्सुकामोतोचा हाच 'तेत्सुओ' (१९८९) लावणार होता. हे वाचून तिने त्याला बंदच करायला लावलं. म्हणून लिहितोय.

पहिला दावा: नायकाच्या मांडीत खरोखर लोखंडी सळई घातली आणि तो त्यात मेला. लिहिणाऱ्याने चित्रपट पाहिलेलाच नाही! मांडी चिरून सळई घालणारा माणूस नायक नाहीच, ती भूमिका खुद्द त्सुकामोतोने केली आहे. नायक दाढी करताना गालावर लोखंडी काटा सापडणारा नोकरदार, तोमोरोवो तागुची. पुढे त्याच्या अंगभर उगवतं ते वरून चिकटवलेलं भंगार. आणि हा 'मेलेला' तागुची २००० पासून जपानच्या एनएचके वाहिनीवरच्या 'प्रोजेक्ट एक्स' या माहितीपट मालिकेचं निवेदन करत होता. जपानी इंजिनिअर आणि कामगारांच्या जिद्दीच्या त्या गोष्टी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं याच्या आवाजात ऐकल्या. जित्या माणसाला मेला म्हणून गावभर सांगताना काहीच वाटत नाही का?

दुसरा दावा, शूटिंग सोडून माणसं पळाली. हे खरं आहे, मान्य. पण भुताखेताला भिऊन नाही. पैसा नाही, काम जवळजवळ दीड वर्ष रखडलेलं, राबणं दिवसरात्र. माणसं थकून गळत गेली. बरंचसं चित्रण नायकाच्या प्रेयसीचं काम करणाऱ्या केई फुजिवाराच्या घरात झालं, आणि कॅमेराही काही वेळ तिनेच धरला. कृष्णधवल १६ मिमी फिल्मवर एकेक चौकट वेगळी टिपत (स्टॉप-मोशन) केलेली ती धावपळ बघा, म्हणजे कष्ट कळतील.

'अकिरा'ची चोरी? 'अकिरा' या जपानी चित्रकथेतल्या एका मुख्य पात्राचं नावही तेत्सुओच आहे आणि ती १९८२ पासून छापून येत होती, तेव्हा छाप अजिबात नसेल असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावरचा 'अकिरा' चित्रपट १९८८चा, आणि माणसाचं लोखंड होण्याची ही कल्पना त्सुकामोतोने १९८६ मध्येच ८ मिमीवरच्या लघुपटात मांडली होती.

राहिलं 'विकृत माणूस'. तसा असता तर मोठ्या दिग्दर्शकाने त्याला काम दिलं असतं का? हॉलिवूडचा दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'सायलेन्स'मध्ये (२०१६) समुद्रात क्रुसावर प्राण सोडणारा मोकिची म्हणजे हाच त्सुकामोतो.

ताई, चित्रपट ६७ मिनिटांचा आहे. रविवारी मी येतो, आपण तिघं बसून पाहू. मांडीचा प्रसंग आला की आधी सांगेन, तेवढा वेळ डोळे मीट.