पिनपॉइंटर नाही म्हणून खड्डा मोठा होत नाही : सुहासदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुहासदादा, प्रतिक्रियेबद्दल थँक्यू, आणि एवढी सविस्तर लिहिलीत म्हणून जास्तच. उत्तर कमेंटमध्ये मावेना म्हणून इथे वेगळं टाकतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विषय मेटल डिटेक्टरने शेतात जुन्या वस्तू शोधायच्या छंदाचा. कॉइल म्हणजे डिटेक्टरची जमिनीवरून फिरवायची चकती, आणि पिनपॉइंटर म्हणजे खड्ड्यात घालून वस्तू नेमकी शोधायचं हातातलं छोटं यंत्र. "पहिल्या सीझनला पिनपॉइंटर घेऊ नका" या माझ्या लेखावर दादांचे तीन आक्षेप आहेत. मी नवशिक्यांचे शंभर पौंड वाचवतेय आणि त्याची भरपाई शेतकऱ्याचं गवत आणि जमिनीतली नाणी करणार, हा पहिला. मी सांगितलेली फुलीची पद्धत (कॉइल दोन दिशांनी फिरवून जागा पकडायची ती) डबल डी कॉइलवर (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेल्या) चालतच नाही, हा दुसरा. आणि असलं काही मराठीत लिहिलं की उद्या कोणीतरी डिटेक्टर घेऊन गडावर चढणार, हा तिसरा.

तिसऱ्याचं आधी उरकते कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. मी लिहिते ते इंग्लंडमधल्या शेतांबद्दल, जिथे मालकाची परवानगी असली आणि जागा शेड्यूल्ड मॉन्युमेंट (कायद्याने संरक्षित स्मारक) नसली की हा छंद कायदेशीर आहे. महाराष्ट्रातल्या संरक्षित गडावर, लेण्यांजवळ, जुन्या वाड्याच्या जोत्यावर हे करायचं नाही, विषय संपला. 1958 चा स्मारकांचा कायदा आहे, आणि 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून जिवंत आहे ज्याच्यात दहा रुपयांवरची गुप्त ठेव सापडली तरी कलेक्टरला कळवावं लागतं. 2025 च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळच्या शेतांमध्ये लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोहरा शोधायला उतरले होते, ते माझा ब्लॉग वाचून नव्हे, सिनेमा बघून. तरी तुमचं म्हणणं मान्य, इथून पुढे प्रत्येक लेखाच्या वर ही सूचना टाकते.

आता खऱ्या भांडणाकडे.

दादा, एक सांगा, पिनपॉइंटर कधी चालू करतो आपण? खड्डा उघडल्यावर. त्याची पोच किती, तर नाण्याएवढ्या वस्तूला दोन ते पाच सेंटीमीटर, त्यापुढे तो गप्प. म्हणजे गवतावरून तो फिरवून खाली पंधरा सेंटीमीटरवरचं नाणं सापडणार नाही. कुठे कापायचं आणि किती कापायचं हे ठरतं त्याच्या आधी, आणि ते ठरवते कॉइल. ज्याला कॉइलने जागा नेमकी पकडता येत नाही तो पिनपॉइंटर असला तरी चुकीच्या जागी कापतो आणि मग त्या भोकात पिनपॉइंटर खुपसत कडा कोरत बसतो, इकडे थोडं, तिकडे थोडं, आणि शेवटी बादलीएवढा खड्डा. क्लब डिगच्या (क्लबने मिळून शोधायला जायच्या) दिवशी संध्याकाळी शेतातून एक चक्कर मारा, मोठे खड्डे कोणाचे आहेत बघा, त्यातल्या बऱ्याच जणांच्या कमरेला केशरी गॅरेट कंपनीचा पिनपॉइंटर लटकत असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधी कॉइल शिका. पिनपॉइंटर वाईट नाही, तो पहिल्याच दिवशी हातात आला की माणूस कॉइल शिकायचा कंटाळा करतो.

फुलीबद्दल. तुम्ही म्हणता डबल डीवर चालत नाही, माझ्या मते ती सगळ्यात जास्त डबल डीवरच लागते. कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेटोळी असलेल्या, कॉइलचं फील्ड (जुन्या गॅरेट एस 250 मशीनला अशी कॉइल असते) खाली निमुळतं होत जाणाऱ्या शंकूसारखं असतं, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज बऱ्यापैकी कॉइलच्या मधोमध येतो. डबल डीचं फील्ड म्हणजे विळीचं पातं, कॉइलच्या टोकापासून टाचेपर्यंत मधल्या रेषेवर उभं. डावीकडून उजवीकडे फिरवलं की वस्तू त्या रेषेखाली कधी आली हे अगदी नेमकं कळतं, पण रेषेवर पुढे आहे की मागे, ते काही कळत नाही. म्हणून एकदा आडवं फिरवून जमिनीवर मनातल्या मनात रेघ मारायची, मग स्वतः 90 अंशात वळून (नुसतं मनगट नाही, पाय उचलून बाजूला जायचं) पुन्हा फिरवायचं आणि दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा जिथे कापतात तिथे माल. झोके लहान ठेवायचे, वीतभर, आणि भराभर. मोठे झोके मारत फुली काढणारे लोक मी बघितलेत, त्यांची फुली ताटाएवढी असते, मग म्हणतात चालत नाही.

डबल डीवर अजून एक पद्धत आहे जी मला फुलीपेक्षाही आवडते. सिग्नलवर कॉइल बारीक बारीक हलवत ठेवायची आणि हलवत हलवतच हळूहळू स्वतःकडे ओढायची. एका क्षणी आवाज तुटतो. तुटला की थांबायचं, वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाच्या अगदी समोर असते. मातीवर बोटाने खूण करायची. पिनपॉइंट मोड (वस्तू नेमकी कुठे ते पकडायचं डिटेक्टरवरचं बटण) नसलेल्या स्वस्तातल्या मशीनवरसुद्धा हे जमतं कारण इथे आवाजाचा जोर मोजायचा नाहीये, तो कुठे संपतो तेवढंच ऐकायचंय.

पिनपॉइंट मोड असेल तर तो वापरा की, पण दाबायचा कसा ते कोणी सांगत नाही. तो मोड न हलवताही वाजतो, आणि मोठी किंवा वरवरची वस्तू असली तर कॉइलच्या सगळ्या अंगाखाली वाजतो, मग मध्य कुठला कळणार? तर आवाज जिथे सुरू होतो त्या काठावर आणायचं, बटण सोडायचं, तिथेच पुन्हा दाबायचं. आता मशीन त्या काठालाच शांतता समजतं आणि आवाजाचा डाग आक्रसतो. दोनदा केलं की डाग रुपयाएवढा होतो. आणि घरी एकदा एवढं कराच, लाकडी टेबलावर (खिळे नसलेल्या) कॉइल ठेवा, पिनपॉइंट दाबा, एक नाणं कॉइलवरून फिरवा, सगळ्यात जास्त कुठे ओरडतं बघा आणि कॉइल कव्हरवर त्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा. प्रत्येक कॉइलचा मध्य कंपनीने छापलेल्या जागीच असतो असं नाही.

फसतं कुठे तेही सांगते. कॉइल तिरकी धरली की जागा सरकते, उतारावर हे हमखास होतं, कॉइल जमिनीला समांतर पाहिजे. नाणं कडेवर उभं असेल तर एकाऐवजी दोन आवाज येतात आणि नाणं त्या दोघांच्या मध्ये असतं. लांबट खिळ्यालाही दोन टोकांना दोन आवाज येतात, पण तुम्ही 90 अंशात वळलात की खिळा आपला सूर बदलतो, नाणं सहसा बदलत नाही. फुलीचा हा एक फुकटचा फायदा. खोली बघायला कॉइल हळूच वर उचला. वीतभर उचलून पण ओरडत असेल तर एकतर वस्तू वरच आहे किंवा ती भलतीच मोठी आहे. स्क्रीनवरचा खोलीचा आकडा नाण्याएवढ्या वस्तूसाठी बसवलेला असतो, त्यामुळे खोलवर पडलेला नांगराचा फाळ त्याला वरवरचा वाटतो.

आता गवत आणि नाणी. फावडं खुणेवर कधीच मारायचं नाही. खुणेपासून चहूबाजूंनी साधारण दहा सेंटीमीटर सोडून, पातं सरळ उभं, आत कललेलं नको. कुरणात तीन बाजू कापायच्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, म्हणजे त्या बाजूची गवताची मुळं तुटत नाहीत आणि परत ठेवताना तो तुकडा बरोब्बर आपल्या जागी बसतो. माती प्लास्टिकच्या कागदावर काढायची. कोरड्या उन्हाळ्यात कुरणाला हातच लावायचा नाही, कापलेलं गवत पिवळं पडतं आणि मालक पुढच्या वर्षी गेट उघडत नाही. नांगरलेल्या शेतात एवढे लाड लागत नाहीत.

खड्डा उघडला, आता तुमचा प्रश्न, चिखलाच्या गोळ्यात नाणं शोधणार कसं? आधी खड्ड्यावरून कॉइल फिरवा. अजून वाजतंय म्हणजे खाली आहे, गप्प झालं म्हणजे बाहेर काढलेल्या मातीत आहे. ती माती दोन भागात करा, एक भाग थोडा लांब सरकवा, दोघांवरून कॉइल फिरवा. जो वाजतो तो ठेवायचा, गप्प आहे तो बाजूला. वाजणाऱ्याचे पुन्हा दोन भाग. चार-पाच वेळा केलं की मुठीत मावेल एवढाच गोळा उरतो. त्यानंतर कॉइल जमिनीवर स्थिर ठेवून मूठ मूठ माती तिच्यावरून हलवायची, हलवायचीच, कारण नेहमीच्या मोडला हालचाल लागते, नुसती मूठ धरून बसलं तर ते काहीही बोलणार नाही. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सेटिंग) शून्यावर ठेवा, आणि बायकांनो, अंगठी आणि बांगड्या आधी काढा, नाहीतर प्रत्येक मुठीत सोनं सापडतं! बुटांना स्टीलची टाच किंवा टोक असेल तर तेही, आणि फावडं मीटरभर तरी लांब. या सगळ्याला वेळ किती लागतो? पिनपॉइंटरपेक्षा जास्त लागतो, खोटं कशाला बोलू. पण नाण्याला ओरखडा यात जात नाही. ओरखडा जातो फावड्याने आणि घाईने, आणि हो, पिनपॉइंटरचं टोक खड्ड्यात खसाखसा घासल्यानेपण.

जिथे तुमचं बरोबर आहे ते लिहिते. 1797 ची तिसऱ्या जॉर्जची कार्टव्हील पेनी असेल, 36 मिलिमीटरची आणि एक औंस वजनाची, तर ती शोधायला काहीच लागत नाही, ती स्वतःच ओरडून सांगते. पण मध्ययुगीन चांदीची हातोड्याने पाडलेली पेनी जेमतेम दीड ग्रॅमच्या आतली, आणि 1279 च्या आधी सुट्ट्या पैशासाठी तीच पेनी कापून अर्धी किंवा पाव करायचे. पाव तुकडा म्हणजे ग्रॅमचा साधारण तिसरा हिस्सा, नखाएवढा, काळा पडलेला, काळ्या चिकणमातीत. तो मुठीत घेऊन कॉइलवर हलवला तर कधी वाजतो कधी नाही, आणि बोटांनी चिखल चिरडत बसलात तर वाकतो. तिथे पिनपॉइंटर पाहिजे. तसंच कोणाच्या घराच्या लॉनवर बोलावलं असेल, किंवा शेतात ग्रीन वेस्ट टाकलेला असेल (म्हणजे कचऱ्यापासून केलेलं खत, त्यात ॲल्युमिनियमचा चुरा, ढकलगाडीभर कचरा, प्रत्येक खड्ड्यात तीन सिग्नल) तर घ्या खुशाल. माझ्याकडेही आहे. मी "पहिल्या सीझनला" म्हटलंय, "आयुष्यभर" नाही म्हटलं.

तुमचा खोल टार्गेटचा मुद्दा मात्र मला पटला नाही. "फूटभर खालचं काय करणार" असं विचारलंत. काहीच नाही करणार. इंग्लंड-वेल्सची जबाबदार डिटेक्टिंगची संहिता सांगते की नांगराच्या खोलीपर्यंतच खणा. त्याखालची जमीन हललेली नसते आणि तिथे वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी आहे यालाच किंमत असते. 2010 मध्ये सॉमरसेटला फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना मातीच्या घड्याचा काठ आणि रोमन नाणी लागली तेव्हा ते थांबले, खड्डा बुजवला आणि कळवलं. आर्किऑलॉजिस्टनी येऊन घडा थराथराने उकलला, 52,503 नाणी निघाली, आणि कुठली नाणी कुठल्या थरात होती हे आज माहीत आहे ते त्या थांबण्यामुळे. त्याआधी 1992 मध्ये सफकला हॉक्सनला एरिक लॉज मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला, तिथेही तेच, कळवलं आणि बाकीचं तज्ज्ञांवर सोडलं. तो हातोडाही ब्रिटिश म्युझियमकडे आहे. उलटं करणारेही होते, 2015 चा हेरफर्डशरचा साठा लपवून विकणाऱ्या दोघांना 2019 मध्ये तुरुंगवास झाला. खोल वाजणाऱ्या भोकात पिनपॉइंटर असला की अजून थोडं, अजून थोडं असा मोह होतोच, त्यामुळे हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही दादा.

इंग्लंडमध्ये ट्रेझर (कायद्याने मौल्यवान ठेवा) वाटेल असं काही लागलं तर 14 दिवसांत कॉरोनरला (त्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं, प्रत्यक्षात आपल्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्याला) फोन केला की ते पुढचं बघतात. बाकी साध्या सापडलेल्या गोष्टींचाही ग्रिड रेफरन्स (नकाशावरची जागा) लिहून ठेवा.

वाचलेल्या शंभर पौंडांचं काय करायचं असंही कोणीतरी खाली विचारलंय. आधी एनसीएमडीचं (डिटेक्टिंग करणाऱ्यांची तिथली राष्ट्रीय संघटना) सदस्यत्व, त्यात इन्शुरन्स येतो आणि परवानगी मागताना मालकाला दाखवता येतो. मग स्टेनलेस स्टीलचं चांगलं अरुंद पात्याचं फावडं, कारण बागकामाचं स्वस्त फावडं चिकणमातीत मानेत वाकतं. उरले तर पेट्रोल.

आणि तुम्ही शेवटी वॉटरप्रूफ पिनपॉइंटर बीचसाठी सुचवलात. कोरड्या वाळूत स्कूप (भोकं असलेलं खोलगट फावडं) मारायचा, चाळायचा, जे उरेल ते बघायचं. ओल्या वाळूत भोक तर लगेच ढासळतं, पिनपॉइंटर खुपसायला भोक उरतच नाही, तिथे स्कूपभर वाळू बाजूला ओतून तिच्यावरून कॉइल फिरवणंच झटपट पडतं.